काच निववताना

सकाळी साडेसहाला नणंदेचा फोन आला. "वहिनी, तुम्ही दिलेला वाडगा फुटला हो. शप्पत सांगते, कुणी हातसुद्धा लावला नव्हता. रात्री शोकेसमधून टण्णकन आवाज आला. उठून बघतो तर दोन तुकडे." बिचारीचा आवाज इतका ओशाळलेला, जणू तिच्याच हातून पडला होता. मेच्या अखेरीस तिच्या वास्तुशांतीला मी तो वाडगा दिला होता. त्याला अकरा दिवस झाले होते आणि पुण्यात पहिला पाऊस पडून गेला होता.

मी म्हटलं, "तुकडे टाकू नकोस, मला हवेत." कशाला हवेत ते तेव्हा मलाही नीट सांगता आलं नसतं. आज माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात पहिल्या दिवशी मी तेच दोन तुकडे ठेवते.

मी करते त्या कामाला ग्लास फ्युजिंग म्हणतात. सपाट काचेचे तुकडे एकमेकांवर रचायचे, विजेच्या भट्टीत तापवून एकजीव करायचे, आणि वाडगा किंवा ताट हवं असेल तर तीच काच पुन्हा तापवून साच्यात बसवायची. फुंकनळी नाही, ज्वाला नाही, काम चालू असताना काचेला हात नाही. सगळं झाकणाआड घडतं. फुंकनळीचा शोध लागण्याआधी भूमध्य समुद्राच्या काठचे कारागीर रंगीत काचेचे वाडगे असेच भट्टीत आणि साच्यात करत. फुंकून भराभर भांडी होऊ लागली तशी ही रीत मागे पडली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला पुन्हा जोर आला, आणि त्याचं एक मोठं कारण म्हणजे एकमेकांशी जुळणारी रंगीत काच विकत मिळू लागली. अमेरिकेत पोर्टलंडला १९७४ साली सुरू झालेल्या बुल्सआय कारखान्याचं नाव या कामातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं ते त्यामुळेच. "जुळणारी" या शब्दात काय काय दडलंय, ते मला त्या वाडग्याने शिकवलं.

तेव्हा मी मातीकाम करत होते. कप, बरण्या, पणत्या. एका रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात पाडलेल्या वाड्याच्या खिडकीची तावदानं मिळाली. एक लाल, दोन निळी, एक हिरवट पिवळं. उन्हात धरली की अंगावर रंग सांडायचे. मी ती घेऊन आले, कोपऱ्यावरच्या काचवाल्याकडून साध्या खिडकीच्या काचेची चकती कापून घेतली, तिच्यावर लाल-निळे तुकडे मांडले आणि सगळं मातीच्या भट्टीत ठेवलं. ८३० अंशाला बटण बंद केलं. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं तेव्हा मी अक्षरशः टाळी वाजवली. चकती कुंभारवाड्यातून आणलेल्या परळात पुन्हा तापवून बसवली आणि माझ्या आयुष्यातला पहिला काचेचा वाडगा तयार झाला. हातचं राखून ठेवावं असं वाटलंच नाही, तो द्यायचाच होता.

आमच्याच सोसायटीत खालच्या मजल्यावर एक काका राहतात. बाटल्यांच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी लेरवर. लेर म्हणजे लांबलचक बोगद्यासारखी भट्टी. साच्यातून निघालेल्या लालबुंद बाटल्या पट्ट्यावर उभ्या राहून तिच्यातून सावकाश पुढे सरकतात आणि दुसऱ्या टोकाला निवून बाहेर पडतात. काकांचे वडीलही काचेतलेच, तळेगावला शिकलेले. अंताजी दामोदर काळ्यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभा केलेला पैसा फंड, आणि त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला निघालेला काच कारखाना. तिथे काच तर होत होतीच, पण काच करणारी माणसंही तयार होत होती. काकांच्या घरी ओगलेवाडीचा एक प्रभाकर कंदील अजून आहे, चिमणीसकट. तो ते स्वतः पुसतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

वाडग्याचे तुकडे मी त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी आधी कडेवरून बोट फिरवलं. "धार आहे," ते म्हणाले. "म्हणजे थंड होताना किंवा थंड झाल्यावर फुटलाय. तापताना तडकला असता तर वरच्या आचेला कडा वितळून गोल झाल्या असत्या." मग तुकडे जुळवून उजेडाकडे धरले. "आता तडा कुठून निघाला आणि कुणाच्या कडेने गेला ते बघ."

मी बघितलं. तडा लाल तुकड्याला वळसा घालत गेला होता. साध्या काचेतून सरळ आला होता, लाल तुकड्याची हद्द लागताच वळला होता आणि तिच्या कडेकडेने जाऊन पलीकडे बाहेर पडला होता.

"या दोघींचं पटत नाही," काका म्हणाले. "निववताना चूक झाली असती तर तडा असा रंग बघून चालला नसता. तो मधूनच, नागमोडी गेला असता. तुझी भट्टी मातीकामाची, जाड विटांची. बंद केली तरी हळूहळूच निवते, म्हणून तेवढं तरी निभावलं. पण या काचा एकमेकींच्या नाहीत. तू वाडगा दिलास ना, तेव्हाच त्याच्या आत ओढाताण चालू होती. ओरखडा एखादा असतोच कुठेतरी. पावसाळी हवेतला ओलावा त्या ओरखड्याच्या टोकाशी पोचला की तडा हळूहळू सरकत राहतो. एक दिवस वाट मिळते."

ही ओढाताण काय असते ते मी पुढे आकड्यांत समजून घेतलं, आणि वर्गातही सांगते, कारण आकडा कळल्याशिवाय भीती बसत नाही. प्रत्येक काच तापली की वाढते, निवली की आकसते. किती, याचा एक आकडा असतो. बुल्सआयच्या काचेचा ९०, खिडकीच्या फ्लोट काचेचा साधारण ८५च्या आसपास, मणी करायच्या मऊ इटालियन काचेचा १०४, प्रयोगशाळेतल्या बोरोसिलिकेट काचेचा ३३. एक अंश तापमान उतरलं की काच आपल्या लांबीच्या एक कोटी भागांपैकी तेवढे भाग कमी होते, असा त्याचा अर्थ. एक कोटीतले नव्वद आणि एक कोटीतले पंच्याऐंशी. ऐकायला फरक काहीच नाही. पण एक फूटभर, म्हणजे ३० सेंटीमीटरचं ताट घ्या. काच घट्ट होते तिथपासून घरातल्या तापमानापर्यंत पाचशे अंश उतरायचे असतात. गुणाकार केला तर दोन काचांच्या लांबीत ०.०७५ मिलिमीटरचा फरक पडतो. डोक्याच्या एका केसाची जाडी साधारण तेवढीच. मऊ असेपर्यंत काच तो फरक सामावून घेते. घट्ट झाल्यावर घेत नाही, आणि दोघी तर एकजीव झालेल्या. वेगळं होता येत नाही, सारखं आकसता येत नाही. त्या केसभर फरकापायी वाडगे फुटतात.

आकडा सारखा असला म्हणजे जुळलंच, असंही नाही. कोणत्या तापमानाला काच किती घट्ट होते, यावरही बरंच अवलंबून असतं. म्हणून कारखाने नुसत्या आकड्यावर विसंबत नाहीत, प्रत्यक्ष वितळवून बघतात. आपल्यालाही तेच करावं लागतं.

काकांनी मला ते बघायची युक्ती दाखवली तो दिवस मी विसरणार नाही. साध्या काचेच्या पट्टीवर शंका असलेल्या काचेचा नखाएवढा तुकडा ठेवायचा, नेहमीसारखं वितळवायचं, नीट निववायचं. मग लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडायचं. एलसीडी पडद्यातून येणारा उजेड एकाच दिशेने कंप पावत असतो. पोलराइज्ड गॉगल हातात धरून पडद्यासमोर गोल फिरवायचा. एका कोनात पांढरा पडदा काळाभोर होतो. तिथे हात थांबवायचा आणि मध्ये ती पट्टी धरायची. काच शांत असेल तर काळोख तसाच राहतो. आत ताण असेल तर तुकड्याभोवती उजेडाचं वेटोळं दिसतं, खळं पडलेल्या चंद्रासारखं. माझ्या लाल काचेचा उरलेला तुकडा मी असा तपासला. खळं इतकं लख्ख होतं की मला रडू आलं. पहिल्या वाडग्याच्या आधी मला हे कुणी दाखवलं असतं तर!

मग मी रीतसर शिकायला लागले. माझी शाळा म्हणजे काका, काही परदेशी तक्ते आणि एक दोनशेपानी वही. परदेशी जुळणारी काच इथे मागवायची तर भाड्यासकट ती इतकी महाग पडते की चूक करायची हिंमत होत नाही, आणि चुका केल्याशिवाय हे येत नाही. म्हणून मी ठरवलं, फ्लोट काचच धरायची. एकाच मोठ्या तावदानातून कापलेले तुकडे एकमेकांशी जुळतातच. त्याच काचेवर चालतील असे एनॅमलचे रंग, तांब्याचा पातळ पत्रा, अभ्रकाची पूड, एवढ्यावर पुष्कळ काही करता येतं. दोन काचांमध्ये वाळलेलं पिंपळपान ठेवलं तर पान जळून जातं आणि त्याच्या शिरांची पांढरी राख तशीच्या तशी काचेत राहते. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी घरात सगळ्यांना हाका मारून बोलावलं होतं.

फ्लोट काचेची स्वतःची खोड आहे. पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केलेल्या रीतीने ती वितळलेल्या कथलावर तरंगवून करतात. जी बाजू कथलाला टेकलेली असते तिच्यात कथलाचा अंश राहतो. ती बाजू ओळखली नाही तर वाडगा साच्यात बसताना पृष्ठभागावर दुधट साय धरते. ओळखायला लघुलहरी अतिनील दिवा लागतो. त्यात कथलाची बाजू धुरकट उजळते. नोटा तपासायचा नेहमीचा दिवा त्यासाठी चालत नाही, मी तो घेऊन दोन महिने फसले. दुसरी खोड म्हणजे फार वेळ गरम राहिली की ही काच वरून पांढुरकी होते, स्फटिक धरते. बोटाचा तेलकट ठसा राहिला असेल तर तिथे हमखास. काच दोनदा धुवायची, शेवटी अल्कोहोलने पुसायची, आणि वरून टाकणखाराचं पातळ पाणी फवारायचं. टाकणखार आमच्या वाण्याकडे मिळतो.

भट्टीही बदलावी लागली. मातीच्या भट्टीत कॉइल चारही भिंतींना असतात, त्यामुळे काचेच्या कडा आधी तापतात आणि मध्य मागे राहतो. भोसरीत भट्ट्या बनवणाऱ्या एका कारागिराकडून मी वरून तापणारी, बसकी भट्टी करून घेतली. साडेचार किलोवॅटची, घरच्या सिंगल फेजवर चालणारी, पण तिच्यासाठी स्वतंत्र वायर आणि वीस अँपिअरच्या वर ताण सोसणारा स्विच टाकावा लागला. तिच्या आतल्या फळीवर चिनी माती आणि अॅल्युमिना हायड्रेटचा लेप द्यायचा असतो, नाहीतर काच फळीला कायमची धरते. मऊ ब्रशाने चार हात, प्रत्येक हात आधीच्याला आडवा. हे काम नाका-तोंडावर मास्क बांधूनच करायचं. माझ्याकडे शिकणाऱ्यांना ते कंटाळवाणं वाटतं. मला फार आवडतं. अंगण सारवल्यासारखं वाटतं.

साच्यांबाबत काकांनी एकच वाक्य सांगितलं आणि त्याने माझं निम्मं नुकसान वाचलं. काच मातीच्या पोटात बसवायची आणि पोलादाच्या पाठीवर पांघरायची. पोलाद निवताना काचेपेक्षा जास्त आकसतं. काच त्याच्या आत असेल तर ते तिला आवळून फोडतं, बाहेर असेल तर स्वतः आत सरकून मोकळं होतं. मातीचं उलटं. परळाच्या तळाला एक बारीक भोक मात्र पाडायचं, खाली अडकलेल्या हवेला वाट हवी.

आता निववणं. अॅनीलिंगला काका हाच शब्द वापरतात आणि मीही. दूध निववावं, तसं. माझ्या वहीत चार मिलिमीटरवर चार मिलिमीटर अशा दोन थरांसाठी आज जे लिहिलेलं आहे ते असं: ताशी १५० अंशांनी ६५०पर्यंत चढायचं आणि तिथे अर्धा तास थांबायचं, म्हणजे थरांमधली हवा निघून जाते. मग ताशी ३००ने ८३०, तिथे दहा-पंधरा मिनिटं. मग भट्टीला आपली आपण ५५०पर्यंत उतरू द्यायचं. तिथे एक तास मुक्काम. सगळी काच, मधली, कडेची, वरची, खालची, एका तापमानाला यावी म्हणून. तिथून ताशी ५० अंशांनी ४००, मग बटण बंद, आणि झाकण हाताला कोमट लागेपर्यंत उघडायचं नाही. चढायला साडेपाच तास. उतरायला अख्खी रात्र. प्रत्येक भट्टीचा स्वभाव वेगळा, त्यामुळे हे आकडे कुणी तसेच्या तसे उचलू नयेत, पण प्रमाण हेच राहतं.

जाडी वाढली की हे प्रमाण आणखी ताणलं जातं. बुल्सआयच्या तक्त्यात १२ मिलिमीटर काचेला दोन तासांचा मुक्काम आणि पुढे ताशी ५५ अंशांची उतरण दिली आहे. २५ मिलिमीटरला चार तास आणि ताशी १५. जाडी दुप्पट झाली की उतरण जवळजवळ चौपट संथ. वर्गात हे फळ्यावर लिहिलं की कुणीतरी विचारतंच, "मग फूटभर जाड असेल तर?" तेव्हा मी पालोमारच्या आरशाची गोष्ट सांगते.

कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या दुर्बिणीसाठी दोनशे इंच व्यासाचा, म्हणजे पाच मीटरहून रुंद आरसा हवा होता. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंगच्या कारखान्यात मार्च १९३४ मध्ये त्याची पहिली चकती ओतली. ओतताना साच्यातले काही ठोकळे सुटून वितळलेल्या काचेवर तरंगायला लागले आणि ती चकती बाद झाली. डिसेंबरमध्ये दुसरी ओतली आणि ती निववायला ठेवली. दहा महिने. दिवसाला अंशभरसुद्धा नाही इतक्या धीम्या उतरणीने. मधेच १९३५च्या जुलैत कॉर्निंगला पूर आला आणि चकती निववणाऱ्या यंत्रणेची वीज गेली. पाणी ओसरेपर्यंत त्या माणसांचं काय झालं असेल, याचा मी कितीदा तरी विचार केला आहे. चकती वाचली. तीच आजही त्या दुर्बिणीत आहे, आणि बाद झालेली पहिली कॉर्निंगच्या काच संग्रहालयात लोकांना दाखवायला ठेवली आहे. बाद झालेली वस्तू जपून ठेवणाऱ्या माणसांबद्दल मला आदर वाटतो.

वीज आमच्याकडेही जाते. वळवाच्या पावसात एकदा रात्री नऊला गेली. भट्टी उतरणीवर होती, ६००च्या आसपास, आत वर्गातल्या चौघांची ताटं. परत आली तेव्हा पहाटेचे दोन वाजले होते, कंट्रोलर सगळं विसरला होता आणि काटा २१०वर. पहिल्या वर्षी मी घाबरून झाकण उघडून बघितलं असतं. आता ठाऊक आहे की बघून काही कळत नाही आणि उघडण्यानेच घात होतो. थंड काच असावी तसं समजून ताशी १०० अंशांनी पुन्हा ५५०पर्यंत नेलं, दोन तास थांबले आणि आधीपेक्षाही सावकाश उतरवलं. काच पुन्हा ५५०ला गेली की तिच्या आतला ताण पुन्हा सैल होतो. चारही ताटं धड निघाली.

मी शनिवार-रविवार शिकवते, एका वेळी चौघांनाच, कारण फळी एकच आहे. सुरुवातीला मी शिकवताना मोठी चूक करत होते. पहिल्याच दिवशी काच कापायला द्यायचे, हिरा कसा धरायचा, रेघ ओढताना येणारा तो चर्र आवाज कसा ऐकायचा, टिचकी कुठे मारायची, हे सगळं. लोक खूश व्हायचे, भराभर कापायचे, भट्टी भरायचे. आणि मग त्यांना थांबता यायचं नाही. एका मुलाने, चांगला बँकेत नोकरी करणारा, समजूतदार मुलगा, तीनशे अंशांवर झाकण चार बोटं उचललं. फोटो काढायला. आतून टक् टक् असे दोन आवाज आले. त्याचा चेहरा बघवेना. मी त्याला रागावले नाही, रागवायचं तर स्वतःवर होतं. तापवायचं कसं ते मी त्याला शिकवलं होतं, निववायचं का ते शिकवलंच नव्हतं.

तेव्हापासून पहिल्या दिवशी भट्टी लागत नाही. पहिल्या दिवशी फुटक्यांचा डबा निघतो. त्यात सगळ्यात वर नणंदेच्या वाडग्याचे तुकडे. खाली त्या मुलाचं ताट, त्याने स्वतःहून दिलेलं. त्याखाली माझी पुष्कळ. प्रत्येकाने एक उचलायचं, डोळे मिटून कडेवर बोट फिरवायचं, धार आहे की गोलाई ते सांगायचं. मग तड्याचा माग काढायचा. लोक आधी बिचकतात, आणि तासाभराने एकमेकांशी वाद घालायला लागतात. "ही रंगाच्या कडेने गेलीय, म्हणजे पटलं नाही." "नाही, बघा ना, शेवटाला वळलीय, निववण्यातच गडबड आहे." हा वाद ऐकत चहा करणं हे माझं या सगळ्या उद्योगातलं सर्वांत मोठं सुख आहे.

गेल्या हिवाळ्यातल्या तुकडीत एक बाई होत्या, पन्नाशीच्या, शाळेत शिकवणाऱ्या. दुसऱ्या आठवड्याला त्यांनी पिशवीतून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा काढला. आत हिरव्या काचेच्या बांगड्या. साध्या, बिननक्षीच्या, गडद हिरव्या. "आईच्या आहेत," त्या म्हणाल्या. "माझ्या ताटात मधोमध गोल बसवायच्यात."

मी नाही म्हणाले. सांगितलं की बांगडीची काच आणि खिडकीची काच जुळेल असं मला वाटत नाही. त्या काही बोलल्या नाहीत, पण डबा बंदही केला नाही. मग मी म्हटलं, एक बांगडी द्या, बघू या. तिचा नखाएवढा तुकडा पट्टीवर ठेवून भट्टीत घातला. पुढच्या शनिवारी मी त्यांना लॅपटॉपसमोर बसवलं आणि गॉगल त्यांच्या हातात दिला. त्यांनी फिरवला, पडदा काळा झाला, मी पट्टी मध्ये धरली. हिरव्या ठिपक्याभोवती लख्ख खळं. बराच वेळ त्या बघत राहिल्या. "म्हणजे नाहीच," त्या म्हणाल्या.

"साध्या काचेशी नाही," मी म्हटलं. "आपसात जमेल बहुतेक. एकाच वेळी घेतलेल्या आहेत ना?"

एकाच वेळच्या होत्या. लग्नातला चुडा नव्हे. आईने एका श्रावणात कासाराला घरी बोलावून भरल्या होत्या. उतरवून ठेवलेल्या चौदा, त्यातली एक तपासात गेली.

त्यांचे तुकडे करायचे होते. जाड फडक्यात गुंडाळायच्या, चष्मा लावायचा, हातोडीने हलकेच ठोकायचं. फडकं तयार होतं, हातोडी तयार होती, आणि बाईंचा हात उठेना. आमच्यात बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही, वाढवली म्हणतात. मी म्हटलं, "बाई, वाढवू या का?" त्यांनी मान हलवली आणि स्वतःच हातोडी घेतली.

तुकडे धुऊन, पुसून, भट्टीची आच सोसणाऱ्या फायबर पेपरच्या गोल कड्यात दोन थरांत रचले. कडं नसतं तर काच पसरली असती. पातळ काच गोळा होते, जाड पसरते, आणि मोकळी सोडली की तिची जाडी स्वतःच सहा मिलिमीटरच्या आसपास येऊन थांबते. ही काच कोणत्या तापमानाला घट्ट होते ते माहीत नव्हतं, म्हणून मी उतरण मुद्दाम लांबवली. ५५०ला दोन तास, मग ताशी २० अंशांनी थेट ४००पर्यंत. न कळणाऱ्या काचेला मी नेहमी असा ऐसपैस रस्ता देते. त्यात तिची योग्य जागा कुठेतरी लागून जाते. चढताना ७८०पासून मी दर दहा मिनिटांनी काळा चष्मा लावून भोकातून बघत होते. ८००च्या अलीकडेच तुकड्यांच्या कडा विरल्या आणि वर चकाकी आली. बांगडीची काच खिडकीच्या काचेपेक्षा मऊ निघाली. वहीत लिहून ठेवलं.

बाई रविवारी सकाळी आठलाच आल्या. काटा ६०वर होता. मी सांगायच्या आधीच त्यांनी स्टूल ओढलं आणि वह्या तपासायला काढल्या. साडेदहाला मी झाकणाला हात लावून बघितला आणि त्यांना लावायला सांगितला. कोमट. झाकण त्यांनीच उचललं.

तळहातापेक्षा थोडी लहान चकती, विहिरीच्या पाण्यासारखी हिरवी, आत बारीक बुडबुडे, आणि नीट बघितलं तर अजून कुठेकुठे गोलाईची पुसट रेघ. त्यांनी ती दोन्ही हातांत घेतली. मग माझ्याकडे बघून विचारलं, "ही घरी गेल्यावर नाही ना तडकणार?"

मी लॅपटॉप उघडला, पांढरं पान लावलं आणि गॉगल त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चकती पडद्यापुढे धरून गॉगल हळूहळू फिरवला. पडदा काळा झाला. चकतीही काळी राहिली, या कडेपासून त्या कडेपर्यंत. त्यांनी पुन्हा एकदा फिरवून बघितलं, मग चकती पदरात गुंडाळली आणि माझी वही मागून घेऊन सगळे आकडे आपल्या वहीत उतरवून घेतले.